चुकांचं मशीन

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा समस्त वाचकांस, पूर्ण गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आपल्या उमेदीच्या काळात, शुद्धीवर असताना, रोज आठ तास, आठवड्याची सुट्टी वगळून, लाखांनी चुका केलेल्या आहेत. त्या चुका त्याने पुडक्यांत बांधल्या, तराजूत घालून विकायला पाठवल्या, आणि आजही कल्याणपासून कर्जतपर्यंत कित्येक घरांच्या पाटांत, खुर्च्यांत आणि देव्हाऱ्यांत त्या ठोकलेल्या सापडतील. याबद्दल लेखकाला यत्किंचितही पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो फक्त एका चुकीचा. ती मात्र पुडक्यात बांधता आली नाही.

खुलासा करतो, नाहीतर आमच्या घरचेच हे वाचून भलतं काही समजायचे. चूक म्हणजे बारीक खिळा. सुतार म्हणतो ना, "दोन चुका दे रे इकडे," तीच. फाळणीनंतर चार-पाच वर्षांनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, लष्कराने सोडून दिलेल्या एका बरॅकीत अशा चुका पाडणारं एक मशीन होतं, आणि मी त्या मशीनवर होतो. मी बदलापूरजवळच्या बेलवलीचा. घरी भातशेती. बावीस वर्षांचा होतो, मिशी राखली होती, गणपतीतल्या नाटकांत दोन वर्षं राजा झालो होतो आणि तिसऱ्या वर्षीही होणार होतो. असा माणूस चिखलात उभा राहून भात लावणार कसा? म्हणून मी कारखान्यात गेलो. 'कारखाना' हा आपला माझा शब्द. खोली एक, मशीन एक, माणसं चार.

त्या चौघांत पहिला मान मिस्त्रींचा. साठीकडे झुकलेला सिंधी माणूस, उंच, वाळलेला, कायम पांढरा पायजमा आणि त्यावर तेलाचा नकाशा. सिंधमधल्या सख्खरला आयुष्यभर त्यांनी असंच मशीन चालवलं होतं. ते मशीन तिकडे राहिलं, घर राहिलं, मिस्त्री इकडे आले. दुसरे आमचे शेठ. शेठ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पोट येईल, तर ते नाही. शेठ माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे. सख्खरचं ते मशीन त्यांच्या वडिलांचं होतं, आणि मिस्त्रींनी शेठना तिथे लंगोटात रांगताना पाहिलेलं. त्यामुळे कॅम्पभर लोक त्यांना शेठ म्हणत, मिस्त्री मात्र 'पुट' म्हणत. पुट म्हणजे सिंधीत मुलगा, बाळ. मलाही ते 'पुट'च म्हणत. हा मला माझा मोठा गौरव वाटे. हाच गौरव पुढे गळ्याशी येणार होता, पण ते नंतर.

तिसरा मी. चौथ्या अमां, म्हणजे मिस्त्रींची बायको. त्या दारापाशी गोणपाटावर बसून चुका निवडायच्या. वाकडी एकीकडे, बिनमाथ्याची दुसरीकडे, चांगली पुडक्यात. बोलायच्या फार कमी. बोलायचं काम मी करायचो.

आता मशीन. त्याचं नाव कुणी ठेवलं नव्हतं, आणि बरंच झालं, कारण त्याला जे नाव शोभलं असतं ते घरात घेता आलं नसतं. काळं, बुटकं, कमरेएवढं. एका बाजूला चरख्यावर तारेचं वेटोळं. तिथून तार आत शिरायची. एक लोखंडी जबडा ती गच्च धरायचा. समोरून हातोडा येऊन तिच्या तोंडावर ठाणकन बसायचा, की माथा तयार. मग जबडा उघडायचा, तार पुढे सरकायची, दोन सुऱ्या चिमटा घेऊन टोक काढायच्या, आणि चूक खालच्या डब्यात. हे सगळं तुम्ही एकदा 'ठक' म्हणाल तेवढ्या वेळात. पहिल्या दिवशी मला त्याच्यापुढे उभं करून मिस्त्री म्हणाले, "देख पुट, इसको आँख नहीं है. तार है कि उँगली, इसको मालूम नहीं पड़ता."

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांची स्वतःची बोटं पाहण्यासारखी होती. उजव्या हाताची पहिली दोन बोटं आणि अंगठा, या तिघांत तार धरून नुसती फिरवायचे आणि तिची जाडी सांगायचे. व्यापारी माप घेऊन मोजायचा आणि दर वेळी मिस्त्री बरोबर. मशीनच्या सुऱ्यांना धार किती राहिली, हातोडा केसभर डावीकडे गेलाय का, जबडा झिजला का, सगळं त्या बोटांना कळे. शेठना मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मिस्त्रींची बोटं होती म्हणून ते शेठ होते. आणि मिस्त्री मिस्त्री होते तेही त्याच बोटांमुळे. सख्खरहून येताना तेवढीच काय ती त्यांच्याबरोबर आली होती.

माझं काम दांड्याचं. ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा प्रसंग या दांड्याला लटकलेला आहे. आमच्या बरॅकींच्या ओळीच्या टोकाला एका पत्र्याच्या शेडमध्ये तेलाचं इंजिन होतं. ते आमचं एकट्याचं नव्हे. एक लाकूड कापणारा, एक पिठाच्या गिरणीवाला आणि आम्ही, तिघांत मिळून एक. छताखालून एक लांब शाफ्ट तिन्ही खोल्यांतून जायचा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरतच राहायचा. त्याच्यावरून चामड्याचा पट्टा आमच्या मशीनवर उतरलेला. मशीनला शेजारी शेजारी दोन पुल्या. एक घट्ट, एक मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की मशीन गप्प. दांड्याने ढकलून तो घट्ट पुलीवर नेला की मशीन जिवंत. मशीनच्या दुसऱ्या अंगाला एका बाजूला जास्त वजन असलेलं एक जड चाक होतं, ते फिरत राहिलं की हातोड्याला जोर यायचा.

दांडा अडकवून ठेवायला एक कडी होती. म्हणजे असायला हवी होती. ती तुटली होती. आणि शाफ्ट जरासा तिरका बसवलेला, त्यामुळे दांडा सोडला की पट्टा खेकड्यासारखा सरकत सरकत आपणहून घट्ट पुलीवर यायचा. म्हणून मिस्त्रींचा हात मशीनमध्ये असेपर्यंत कुणीतरी दांडा धरून उभं राहायलाच हवं. तो कुणीतरी म्हणजे मी. कडीचं शेठना रोज सांगायचो. शेठ रोज म्हणायचे, "कल लोहार के पास भेजता हूँ." लोहार चार घरं सोडून होता.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्यात भाषेवरून एक लढाई झाली. मी पट्टा लावायला सज्ज, दांडा हातात, राजासारखा उभा. तेवढ्यात चरख्यावरच्या तारेला गाठ पडलेली मिस्त्रींना दिसली. ते ओरडले, "छड! छड!" सिंधीत छड म्हणजे सोड, राहू दे. मला बिचाऱ्याला काय माहीत! मला ऐकू आलं, "चढव!" म्हटलं, मिस्त्री आज भलतेच जोरात आहेत. आणि दिला पट्टा चढवून.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण शेठ अजून हयात आहेत. तार चरख्यावरून सुटली, हवेत दोन गिरक्या घेतल्या, शेठच्या नव्या कोऱ्या सायकलीला मिठी मारली आणि तिला ओढत ओढत मशीनकडे घेऊन निघाली. मिस्त्रींनी झडप घालून दांडा ओढला तेव्हा सायकलीची घंटा आपोआप वाजत होती.

त्या दिवशी आमच्यात तह झाला. मिस्त्रींनी मला समोर बसवलं. म्हणाले, मशीनपाशी माझ्यासाठी तीनच शब्द, तिन्ही मराठी. 'लाव' म्हटलं की पट्टा घट्ट पुलीवर. 'थांब' म्हटलं की मोकळ्या पुलीवर आणून दांडा धरून उभं राहायचं. 'सोड' म्हटलं की दांड्यावरून हात काढायचा. मग ते स्वतः ते शब्द घोकू लागले. "लाव, थांब, सोड. लाव, थांब, सोड." अमांनी दारातून विचारलं, "कौन सा मंतर है?" मिस्त्री म्हणाले, "नवाब साब को चलाने का मंतर." त्यांच्या लेखी मी बदलापूरचा नवाब.

तह दोन वर्षं पाळला गेला. दोन वर्षांत मिस्त्रींनी मशीनपाशी माझ्याशी सिंधीचा एक शब्द काढला नाही. इतर वेळी भरपूर. जेवताना मीच विचारून विचारून सिंधी शिकलो, आणि छड म्हणजे सोड हे मला माझ्या नावाइतकं पाठ झालं.

आता तो दिवस.

अंबरनाथच्या एका कारखान्याला माल भरायची खोकी ठोकायची होती, त्यांना चुका पाहिजे होत्या, आणि आम्ही सकाळपासून पाडत होतो. दुपारी तीनच्या सुमारास मशीनचा आवाज बदलला. ठक-ठक-ठकमध्ये एक 'ठच' आलं. मिस्त्री म्हणाले, "थांब." मी पट्टा मोकळ्या पुलीवर आणला आणि दांडा धरून उभा राहिलो. एक वाकडी चूक जबड्यात आडवी अडकली होती. मिस्त्री चिमटा घेऊन वाकले. चिमटा दोनदा निसटला. मग त्यांनी चिमटा ठेवला आणि दोन बोटं आत घातली.

आणि मी त्या वेळी काय करत होतो? मी गोष्ट सांगत होतो.

गोष्ट फार रंगलेली. शेठ नुकतेच आले होते, अमांनी निवडणं थांबवलं होतं, सगळे माझ्याकडे पाहत होते. नाटकात आमच्या सेनापतीचं धोतर ऐन लढाईत कसं सुटलं, ते मी सांगत होतो. आता माझा एक दोष आहे. मला हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही. अजूनही येत नाही. बायको माझ्या हातात चहाचा कप देत नाही, आधी विचारते, बोलून झालं का. धोतर सुटण्याच्या जागी मी आलो, आणि ते सुटलं कसं हे दाखवायला माझा उजवा हात दांड्यावरून उठला. डावा होता दांड्यावर. पण नुसता ठेवलेला.

पट्टा दोन बोटं सरकला.

मशीनने एकच हिसका दिला. ठक नाही, ठकचा 'ठ' फक्त. मी दोन्ही हातांनी दांडा मागे खेचला, पट्टा मोकळ्या पुलीवर गेला, मशीन थांबलं. हे सगळं शिंक यावी तेवढ्यात झालं. खोलीत फक्त वरच्या शाफ्टची घरघर.

मिस्त्री हलले नव्हते. ओरडलेही नव्हते. ते तसेच वाकलेले, आमच्याकडे पाठ, आणि त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं जबड्यात होती. जबडा मिटलेला. त्यांना चिरडण्याइतका नाही, पण सुटू न देण्याइतका. समोर हातोडा मागे खेचलेला. मशीनचं पुढचं काम एकच होतं. जबड्याने धरलं की हातोड्याने मारायचं. त्याला डोळे नव्हते.

मिस्त्रींनी डावा हात हळूच उचलून हातोड्याच्या तोंडावर ठेवला, त्याला अडवायला. हाडामांसाचा हात लोखंडाला काय अडवणार? पण त्यांनी ठेवला. म्हणजे आता दोन्ही हात गुंतले.

शेठनी उडी मारली. ते बाजूच्या जड चाकाला दोन्ही हातांनी अशी मिठी मारून बसले, रस्त्यात हरवलेलं पोर सापडल्यावर आईला मारतं तशी. "हिलेगा नहीं! मैं पकड़ा हूँ! हिलने नहीं दूँगा!"

अमां उठल्या. इंजिनाच्या शेडकडे धावत गेल्या. इंजिन बंद झालं की सगळंच थांबणार होतं. मी मनात त्यांची पावलं मोजू लागलो. चार बरॅकी ओलांडायच्या.

आणि मिस्त्री बोलले.

"छड, पुट."

हळू. दातांतून.

"छड! छड पुट!"

माझी बोटं दांड्यावरून सुटायला निघालीच होती. खरं सांगतो, अंगठा उठला होता. दोन वर्षांत मिस्त्रींनी सांगितलं आणि मी केलं नाही असं कधी झालं नव्हतं, आणि छड म्हणजे सोड हे मला इतकं पाठ होतं की ते डोक्यात न जाता थेट हातात गेलं. पण वर पट्टा घट्ट पुलीच्या काठाला घासत होता, चर्र चर्र. तो आवाज मी ऐकला आणि अंगठा परत खाली गेला. मी सोडला तर हा पट्टा सरकणार. सरकला तर हातोडा. मिस्त्रींना हे माझ्याहून जास्त ठाऊक. मग ते सोड का म्हणतायत? दुखण्याने भान सुटलं? कडी तुटलीय हे विसरले?

"सुना नहीं?" शेठ चाकाच्या मागून ओरडले. "वो बोलता है छड! छोड़ दे!"

"शेठ, सोडलं तर पट्टा चढेल!"

"तू मिस्त्री है कि वो मिस्त्री है? तेरे से ही हुआ ये सब! वो बोलता है तो छोड़!"

ते खरंच होतं. माझ्यामुळेच झालं होतं. त्या क्षणी माझ्या शब्दाला किंमत नव्हती. समोर मालक, त्यांचा हुकूम. आत मिस्त्री, त्यांचा हुकूम. आणि मी, ज्याने धोतराच्या गोष्टीपायी एका माणसाची बोटं मशीनच्या तोंडात दिली. आता मी स्वतःच्या डोक्याने काही ठरवणार, आणि ते चुकलं तर? दांडा घामाने निसरडा झाला होता. मी तो छातीशी ओढून धरला आणि दोन्ही पाय भिंतीच्या कडेला रोवले.

"छड!" मिस्त्रींचा आवाज आता फाटला होता. "पुट, छड!"

आणि तिथे मला ते उमगलं. छड. सोड नव्हे, छड.

मशीनपाशी मिस्त्री माझ्याशी सिंधी बोलत नाहीत. तह आहे. लाव, थांब, सोड. दोन वर्षांत एकदाही मोडलेला नाही. मी सोडावं असं त्यांना वाटत असतं तर त्यांनी 'सोड' म्हटलं असतं. ते छड म्हणतायत, म्हणजे ते माझ्याशी बोलतच नाहीयेत. या खोलीत पुट दोन आहेत!

मी चाकाकडे पाहिलं. हिसक्याने ते चाक थोडं वर चढलं होतं आणि शेठच्या मिठीत अडलं होतं. जड बाजू वर. त्याला मोकळं सोडलं तर ते स्वतःच्या वजनाने मागे येणार, आणि मागे आलं की जबडा उघडणार. मशीन स्वतःहून मिस्त्रींना सोडायला तयार होतं. धरून बसले होते ते शेठ.

"शेठ! तुम्हाला सांगतायत! तुम्ही सोडा चाक!"

"पागल हुआ है? मैं छोड़ूँगा तो चक्कर घूमेगा! हाथ जायेगा इसका!"

"मागे जाईल शेठ! पीछे! पीछे आयेगा!"

"और आगे गया तो?"

मला वाटत होतं मागे येईल. वाटत होतं. मी काही मिस्त्री नव्हतो. चाकाची जड बाजू कुठली हे मी रोज पाहत होतो खरा, पण पाहणं वेगळं आणि त्यावर दुसऱ्याची बोटं लावणं वेगळं. एकीकडे मी दांड्याला बिलगलेला, दुसरीकडे शेठ चाकाला, आणि दोघेही एकमेकांना "सोड, सोड" म्हणून ओरडतोय. मध्ये मिस्त्री. त्यांच्या पाठीवर सदरा घामाने काळा पडत चाललेला. त्यांना मान वळवता येत नव्हती, हात दाखवता येत नव्हता, आणि आमचं भांडण इतकं मोठं की त्यांचा आवाज त्यात बुडून गेला होता. नाव घेऊन हाक मारावी हे त्यांना सुचलं नाही. कसं सुचणार? शेठना ते रांगायचे तेव्हापासून पुट म्हणत आले होते.

दारात अमां उभ्या राहिल्या. धापा टाकत. "ताला है," एवढंच म्हणाल्या. इंजिनवाला शेडला कुलूप लावून चहाला गेला होता. वर शाफ्ट आपला मजेत फिरतोय.

"अमां, इसको बोलो डंडा छोड़े!" शेठ.

"अमां, शेठना सांगा चाक सोडा म्हणून!" मी.

अमांनी माझ्याकडे पाहिलं. शेठकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्याच वेळी मिस्त्री परत म्हणाले, "छड, पुट." आता ओरडून नव्हे. अगदी लहान मुलाच्या हातातलं काही काढून घेताना बोलावं तसं. त्या आवाजात अमांनी काय ऐकलं कोण जाणे. चाळीस वर्षांचा संसार. त्यांना ऐकू आलं असेल ते आपल्याला यायचं नाही. त्या तरातरा गेल्या, शेठच्या मागे उभ्या राहिल्या.

"तोखे थो चवे!" त्या कडाडल्या. तुला सांगतायत, तुला! आणि त्यांनी शेठची कॉलर आणि पायजम्याची नाडी, दोन्ही एकदम पकडून मागे ओढली.

शेठ चाकासकट येतात की काय असं वाटलं. मग त्यांचे हात सुटले. ते दोघेही मागच्या मागे निवडलेल्या चुकांच्या ढिगात बसले. शेठनी जो आवाज काढला तो मी नाटकात पुढे बरीच वर्षं वापरला.

पण मी ते पाहिलं नाही, फक्त ऐकलं. कारण चाक सुटल्याबरोबर मी डोळे मिटून घेतले होते. ते पुढे जाणार की मागे, हे पाहायची माझी हिंमत नव्हती. मी दांडा छातीशी घट्ट धरला, दात आवळले, आणि हातोड्याच्या आवाजाची वाट पाहू लागलो.

एक जड, सावकाश 'घळ्ळ' झालं. मग काहीच नाही.

डोळे किलकिले करून पाहिलं. चाक मागे आलं होतं. जबडा उघडा होता. रिकामा. त्याच्या कडेला रक्त लागलं होतं. मिस्त्री सरळ उभे राहिले होते आणि त्यांनी उजवा हात डाव्या काखेत खोल दाबून धरला होता. चेहरा पिठासारखा. सदऱ्यावर काखेपासून लाल डाग पसरत होता.

"दिखाओ," अमां चुकांतून उठता उठता म्हणाल्या.

मिस्त्रींनी दाखवला नाही.

"मिस्त्री, हात दिखाओ!" शेठ रडायच्या बेतात. "कितनी हैं? अरे कितनी रहीं?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे येत होते. काखेत हात तसाच. त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. मी मनातल्या मनात बोटं मोजू लागलो. पाचातून दोन गेली की तीन. तीन बोटांनी तार कशी धरणार? अंगठा आणि दोन शेवटची? जाडी कशी कळणार? हा माणूस उद्या सकाळी उठून काय करणार? आणि मी बेलवलीला जाऊन काय सांगणार, की सेनापतीचं धोतर सुटलं म्हणून?

ते माझ्यासमोर उभे राहिले.

"सोड," ते म्हणाले. मराठीत.

मला ऐकू आलं. समजलंही. पण हात सुटेना. माझी बोटं त्या दांड्याला अशी चिकटली होती की ती माझी आहेत असंच वाटत नव्हतं.

"सोड, पुट. हो गया. सोड."

मी मान हलवली, नाही म्हणून. माझे डोळे त्यांच्या काखेवर. मागे शेठ काहीतरी ओरडत होते, अमां देवाचं नाव घेत होत्या, आणि मी नुसता दांड्याला लटकलो होतो. मिस्त्रींनी डाव्या हाताने माझं मनगट ओढून पाहिलं. हललं नाही.

तेव्हा त्यांनी उजवा हात काखेतून काढला आणि माझ्या गालावर अशी सणसणीत ठेवून दिली, की माझ्या डोळ्यांपुढे अख्खा कॅम्प पाच उजळला. दांडा सुटला. पट्टा सरकला. मशीन सुरू झालं, ठक-ठक-ठक, कुणाचाही हात आत नसताना. गालाला आग लागली होती, ओलं-ओलं काहीतरी हनुवटीवरून ओघळत होतं, आणि मी तो गाल चाचपला. एक वळ. दुसरा. तिसरा. आणि त्या सगळ्या ठकठकाटावर माझा मीच किंचाळलो,

"पाचही बोटं लागली! अमां, पाचच्या पाच लागली हो!"